वाटी, कप आणि काटा: बेकिंगची मापं ग्रॅममध्ये कशी आणायची

एका रविवारी घरातल्या सगळ्या वाट्या ओट्यावर मांडल्या आणि एकेकीत काठोकाठ पाणी भरून ती वजनकाट्यावर ठेवली. १ मिली पाणी म्हणजे जवळपास १ ग्रॅम, त्यामुळे भांड्यात किती मावतं हे कळायला याहून सोपा उपाय नाही. आमटीच्या वाटीत ११८ ग्रॅम पाणी मावलं. आत्याच्या जाड बुडाच्या वाटीत १५०. लग्नात आहेर म्हणून आलेल्या सेटमधली वाटी १८५ वर गेली. या तिन्हींना आमच्या घरात 'एक वाटी'च म्हणतात.

उपमा करताना याने काही बिघडत नाही. रवा जास्त झाला तर पाण्याचा एक हबका मारायचा. केकचं तसं नाही. टिन ओव्हनमध्ये गेला की आपल्या हातात काही उरत नाही. माझा पहिला केक वरून तडकलेला आणि आतून भाकरीसारखा घट्ट झाला होता. दोष ओव्हनचा, असं मी महिनाभर सांगत फिरले. मग काटा आणला आणि नेहमीच्या सवयीने डब्यात कप खुपसून काढलेला मैदा वजन करून पाहिला. १५८ ग्रॅम! कृती लिहिणाऱ्या बाईंचा कप १२० ग्रॅमचा होता. दोन कपांना ७६ ग्रॅम मैदा जास्त पडला, म्हणजे अर्ध्या कपाहून जास्त. मापात पाप झालं ते असं.

म्हणून माझी पद्धत अशी: कृती कुठलीही असो, ती एकदाच कागदावर ग्रॅममध्ये उतरवायची आणि त्यानंतर कप कपाटात ठेवून द्यायचा. हे उतरवून घेताना अडचण कुठे कुठे येते, ते क्रमाने सांगते.

आधी काटा

स्वयंपाकघरातला साधा डिजिटल काटा, १ ग्रॅमपर्यंत दाखवणारा, ५ किलोपर्यंत पेलणारा. एवढा पुरतो. क्रॉफर्ड मार्केटच्या आसपास बेकिंगच्या सामानाची जी दुकानं आहेत तिथे मिळतो, ऑनलाइनही मिळतो. घेताना दोन गोष्टी बघा. वजन शून्य करण्याचं बटण हवं (त्यावर बहुधा 'टेअर' लिहिलेलं असतं), आणि मोठं पातेलं ठेवल्यावर आकडे झाकले जायला नकोत. दुसरी गोष्ट किरकोळ वाटते, पण पातेल्याखाली मान वाकवून आकडा वाचायला लागला की माणूस काटा वापरणं सोडून देतो.

काटा खरा आहे का, हे घरच्या घरी तपासता येतं. २०११ नंतरचं, ₹ चिन्ह असलेलं दहा रुपयांचं दुरंगी नाणं सुमारे ७.७ ग्रॅमचं असतं. अशी १३ नाणी ठेवली की काट्याने १०० ग्रॅम दाखवायला हवेत. एखाद्या ग्रॅमचा फरक चालेल. त्याहून जास्त आला तर आधी सेल बदला. सेल उतरला की काटे हमखास चुकीचं वजन सांगू लागतात.

आणखी एक खोड बऱ्याच काट्यांत असते. चिमूट चिमूट करून टाकलं तर त्यांना ते कळतच नाही, आकडा हलत नाही. तुम्ही टाकत राहता आणि मग तो एकदम ४ ग्रॅमने उडी मारतो. अशा वेळी भांडं उचलून परत ठेवायचं, खरं वजन दिसतं. यीस्ट, सोडा असल्या ३-४ ग्रॅमच्या वस्तू या काट्यावर मोजूच नका. त्यासाठी एकतर मापाचे चमचे वापरा, नाहीतर ०.१ ग्रॅम दाखवणारा छोटा खिशातला काटा घ्या. तो वापरताना पंखा मात्र बंद करा.

कप कोणाचा आहे ते ओळखा

कप म्हटलं की सगळीकडे एकच असेल, असं आपण धरून चालतो. अमेरिकेचा कप २३७ मिलीचा, हिशोबाला २४० धरतात. ऑस्ट्रेलियाचा २५० मिली. जपानचा २०० मिली. टीस्पून सगळीकडे ५ मिलीचा, पण टेबलस्पून बहुतेक ठिकाणी १५ मिली आणि ऑस्ट्रेलियात २० मिली. यात नवल वाटण्यासारखं काही नाही. आपल्याकडे इंग्रजी अमदानीत मुंबईचा मण २८ पौंडांचा होता आणि बंगालचा मण ८२ पौंडांहून थोडा जास्त. मण इकडेही, मण तिकडेही. व्यापाऱ्यांना कुठला मण हे आधी विचारावं लागे, आपल्याला कुठला कप हे विचारायचं आहे.

कसं ओळखायचं? कृतीत तापमान फॅरेनहाइटमध्ये असेल किंवा लोणी 'स्टिक'मध्ये असेल तर ती अमेरिकन. तापमान सेल्सिअसमध्ये आणि तरीही मापं कपात असतील तर ऑस्ट्रेलियाची असू शकते, किंवा आपल्याकडचीच. आपल्याकडे दुकानात मिळणारे प्लॅस्टिकचे मापाचे कप कधी २४० चे असतात, कधी २५० चे. त्यात पाणी भरून एकदा वजन करा आणि मिळालेला आकडा मार्करने बुडाशी लिहून टाका.

औंसाचा एक सापळा आहे. वजनाचा औंस २८.३५ ग्रॅमचा, आणि द्रव मोजायचा औंस सुमारे ३० मिलीचा. '८ औंस दूध' म्हणजे एक कप, पण '८ औंस मैदा' म्हणजे २२७ ग्रॅम, जवळजवळ दोन कप. कोरड्या जिनसापुढे औंस दिसला तर ते वजन समजायचं.

कपाचे ग्रॅम

खालचे आकडे २४० मिलीच्या सपाट कपाचे आहेत. सपाट म्हणजे शीग न ठेवता, सुरीच्या उलट्या बाजूने वरचं पीठ सारून. हा कागद माझ्या फ्रिजच्या दारावर आहे:

मैदा: १२० ते १२५
साखर: २००
पिठीसाखर: १२०
ब्राउन शुगर, दाबून: २१५
लोणी: २२७
तेल: २२०
दूध, दही: २४५
कोको पावडर: ८५
बारीक रवा: १७०
ओट्स: ९०
बदामाची पूड: ९५
मध: ३४०
कंडेन्स्ड मिल्क: ३०५

मैद्याचा आकडा सर्वांत फसवा, कारण पीठ दबतं. चमच्याने हलक्या हाताने कप भरला तर १२०. कप डब्यात बुडवून काढला तर १४०-१४५. डबा आधी ठोकून ठोकून भरलेला असेल तर माझ्यासारखे १५८. लिहिणाऱ्याने पद्धत सांगितली असेल तर ती धरा, नसेल तर १२५ घ्या. केक थोडा ओलसर झाला तर परवडतो, ठिक्कर झाला तर कोणी खात नाही. पीठ चाळण्याबाबतही मोजायचं कधी याला महत्त्व आहे. 'एक कप चाळलेला मैदा' म्हणजे चाळून मग मोजलेला, तो हलका भरतो. 'एक कप मैदा, चाळून' म्हणजे मोजून मग चाळलेला. वजन करणाऱ्याला एकदा ग्रॅम ठरले की ही काळजी उरत नाही.

आता साखर. मराठी घरात केकसाठी साखर मिक्सरमधून काढायची पद्धत आहे, आपली साखर जाड दाण्याची असते म्हणून ते योग्यही आहे. पण कृतीत 'एक कप साखर' असताना आधी दळून मग एक कप भरला, तर २०० ऐवजी १२० ग्रॅमच पडते. केक फिका होतो, रंग येत नाही आणि आपण म्हणतो, अमेरिकन लोक कमी गोड खातात! उलटी चूक त्याहून वाईट: पिठीसाखरेच्या कपाऐवजी अख्खी साखर कपभर. नियम एकच, आधी वजन, मग मिक्सर.

नावंही उलटसुलट आहेत. अमेरिकन 'कॉर्नस्टार्च' म्हणजे आपलं पांढरं कॉर्नफ्लोअर. त्यांचं 'कॉर्नफ्लोअर' म्हणजे मक्याचं पिवळं पीठ. ब्रिटिश कृतीतला 'प्लेन फ्लोअर' म्हणजे मैदा. 'हेवी क्रीम'मध्ये ३६ टक्के फॅट असतं, आपल्याकडच्या टेट्रापॅकमधल्या फ्रेश क्रीममध्ये २५ टक्क्यांच्या आसपास. ते गनाशला (क्रीम आणि चॉकलेटचं घट्ट मिश्रण) चालतं, पण फेटून फुलत नाही, कितीही वेळ फेटलं तरी.

लोणी, तूप, तेल

अमेरिकन एक स्टिक म्हणजे ११३ ग्रॅम, अर्धा कप. आपली लोण्याची वडी १०० ग्रॅमची. वडी म्हणजेच स्टिक समजून टाकली तर १३ ग्रॅम कमी पडतात. बिस्किटांत तो फरक लगेच कळतो. शिवाय आपलं पिवळं बटर खारं असतं, १०० ग्रॅममागे साधारण २ ग्रॅम मीठ धरा. तेव्हा कृतीत अनसॉल्टेड बटर आणि अर्धा टीस्पून मीठ असं लिहिलेलं असेल आणि तुम्ही खारं बटर वापरत असाल, तर ११३ ग्रॅमला वरचं मीठ जवळजवळ वगळायचं.

लोण्याऐवजी तूप किंवा तेल घालायचं असेल तर तेवढंच घालू नका. लोण्यात फॅट सुमारे ८० टक्के, उरलेलं मुख्यतः पाणी. तुपा-तेलात सगळंच फॅट. म्हणून १०० ग्रॅम लोण्याच्या जागी ८० ग्रॅम तूप किंवा तेल आणि १५ मिली दूध किंवा पाणी. तूप कपाने मोजण्यात तर काहीच अर्थ नाही. थिजलेलं रवाळ तूप, पातळ तूप आणि डावाने शिगोशीग काढलेलं तूप, तिन्ही वेगळी.

अंडी

परदेशी कृतीतलं 'लार्ज' अंडं म्हणजे कवच काढून ५० ग्रॅम. आपल्या कोपऱ्यावरच्या दुकानातलं अंडं बऱ्याचदा कवचासकट ५० च्या आसपास असतं, फोडल्यावर ४३-४५ ग्रॅम भरतं. एका अंड्याने फरक पडत नाही. चार अंड्यांच्या स्पंजमध्ये २० ते २८ ग्रॅम कमी पडतात, म्हणजे अर्धं अंडं. मी अंडी फोडून, काट्याचमच्याने हलकी फेटून, मग वजन करते. अर्धं अंडं मोजायचा प्रश्नही त्यातच सुटतो. उरलेल्याचं दुसऱ्या दिवशी सकाळी डब्यासाठी ऑम्लेट.

चमच्याच्या वस्तू

इथे वजनाचा हट्ट नको, पण घरचा चहाचा चमचाही नको. मापाच्या चमच्यांचा झुबका घ्या. सपाट टीस्पून बेकिंग पावडर सुमारे ४ ग्रॅम, सोडा ५ ते ६, बारीक मीठ ६, इन्स्टंट यीस्ट ३. अमेरिकन यीस्टचं 'एक पाकीट' ७ ग्रॅमचं, म्हणजे सव्वादोन टीस्पून. ताजं यीस्ट १० ग्रॅम सांगितलं असेल तर इन्स्टंट साडेतीन ग्रॅम पुरतं. बेकिंग पावडरऐवजी सोडा घालायचा तर तिसरा हिस्सा, आणि सोबत दही किंवा लिंबू हवंच, नाहीतर साबणाची चव येते.

वाटीच्या कृतीचं काय?

आई-आजीच्या कृती वाटीत असतात आणि त्या चुकीच्या नसतात. वाटी हे प्रमाण आहे: दोन वाट्या हे, एक वाटी ते. सगळे जिन्नस एकाच वाटीने घेतले तर मोठी वाटी काय, लहान काय, गणित जुळतं. ते फिसकटतं जिथे वाटीबरोबर 'दोन अंडी' किंवा 'एक चमचा सोडा' येतो. अंडं वाटीप्रमाणे लहानमोठं होत नाही. ११८ च्या वाटीला जो चमचाभर सोडा पुरतो, तो १८५ च्या वाटीला कमीच पडणार.

अशी कृती उतरवायची तर ज्यांची आहे त्यांच्याच वाटीने, त्यांच्याच हातून. मी आत्याच्या नानकटाईचं तसं केलं. तिला म्हटलं, "तू नेहमीसारखं घे, मी फक्त खाली काटा ठेवते." ती म्हणाली, "मला काय सोनार समजतेस?" पण घेऊ दिलं. दीड वाटी मैदा, तिच्या मते सपाट, १३० ग्रॅम. अर्धी वाटी बेसन, ३६. पाव वाटी रवा, २६. एक वाटी पिठीसाखर, ७८. आणि 'पाऊण वाटी' तूप, थिजलेलं, बोटाने दाबून, १०४ ग्रॅम. शेवटी तिने मैद्याची आणखी अर्धी मूठ घेतली आणि वर भुरभुरून परत डब्यात टाकली. ती का घेतली, हे तिलाही सांगता आलं नाही.

टिन लहान असेल तर

मुंबईच्या ओट्यावर मावणाऱ्या छोट्या ओटीजीत, म्हणजे विजेच्या छोट्या ओव्हनमध्ये, ९ इंची टिन जात नाही, गेला तरी कडा जळतात. गोल टिनचं गणित व्यासाच्या वर्गावर चालतं. ९ इंची म्हणजे ८१, ७ इंची म्हणजे ४९. ४९ भागिले ८१, साधारण ०.६. सगळ्या वजनांना ०.६ ने गुणायचं. ८ वरून ६ वर जाताना ३६ भागिले ६४, म्हणजे अर्ध्याहून थोडं जास्त. दोन इंच कमी झाले म्हणून पाव भाग कमी करणारे फसतात. टिनचा व्यास मात्र आतून मोजा.

एक पूर्ण उदाहरण घेऊ. अमेरिकन साधा केक, ९ इंची: पावणेदोन कप मैदा, एक कप साखर, एक स्टिक लोणी, दोन लार्ज अंडी, अर्धा कप दूध, दोन टीस्पून बेकिंग पावडर, ३५० फॅरेनहाइट. मैद्याचा कप १२० चा धरला तर मैदा २१०, साखर २००, लोणी ११३, अंडी १००, दूध १२२. आता ७ इंचीसाठी ०.६ ने गुणा: मैदा १२६, साखर १२०, लोणी ६८, अंडी ६०, दूध ७३, बेकिंग पावडर सव्वा टीस्पूनला किंचित कमी. अंडी दोन फोडून ६० ग्रॅम घ्यायची. टिन लहान असल्याने वेळही कमी लागतो, तेव्हा सांगितलेल्या वेळेच्या दहा मिनिटं आधीच सळई घालून बघायला लागा.

मिसळायच्या पातेल्यातच वजन करत जा. पातेलं ठेवा, शून्य करा, साखर घाला, शून्य करा, लोणी घाला. धुवायची भांडी पाचवरून एकावर येतात. फक्त मैदा वेगळ्या ताटलीत घ्या, कारण हात घसरून २० ग्रॅम जास्त पडला तर लोण्यातून उचलता येत नाही.

तापमान, आणि मुंबईचा उन्हाळा-पावसाळा

फॅरेनहाइटमधून ३२ वजा करा, ५ ने गुणा, ९ ने भागा. रोजच्या वापरासाठी: ३०० म्हणजे १५०, ३२५ म्हणजे १६५, ३५० म्हणजे १७५, ३७५ म्हणजे १९०, ४०० म्हणजे २००, ४२५ म्हणजे २२०. ब्रिटिश कृतीतला गॅस मार्क ४ (त्यांच्या गॅस ओव्हनच्या बटणावरचा आकडा) म्हणजे १८०. आतला पंखा चालू असेल तर २० अंश कमी करा. ओटीजीच्या गोल बटणावर विश्वास ठेवू नका. आत ठेवायचा ओव्हन थर्मामीटर एकदा घ्या. माझा ओटीजी १८० वर ठेवला की आत २०५ असतो, हे कळल्यापासून मी बटण १५५ वर ठेवते.

पण ज्या मापाचं कोणी रूपांतर करत नाही ते वेगळंच आहे: 'रूम टेंपरेचर'. कृती लिहिणाऱ्याच्या घरात ते २० अंश असतं. आपल्या स्वयंपाकघरात मे महिन्यात ३३. लोणी ३२-३५ अंशांना वितळतं. तेव्हा 'लोणी दोन तास बाहेर ठेवा' हे वाचून तसंच केलं तर परत येईपर्यंत तेल झालेलं असतं. ते फेटलं जात नाही, हवा धरत नाही. मी फ्रिजमधून काढून तुकडे करते आणि उन्हाळ्यात दहा-पंधरा मिनिटांतच फेटायला घेते. बोट दाबलं की खड्डा पडावा, पण बोट तेलकट होऊन आत जाऊ नये. पावाच्या पिठाचंही तेच. 'दीड तास फुगू द्या' असं लिहिलेलं असलं तरी आपल्याकडे ४५-५० मिनिटांत बघा, घड्याळ सोडून पीठ दुप्पट झालंय का ते पाहा. पाणी थंड घेतलं तर थोडी उसंत मिळते.

जुलैत हवेतल्या दमटपणाने मैदाही ओल धरतो. वजन तेवढंच, पण त्यात पाणी जास्त, पीठ थोडं कमी. केकला ते जाणवत नाही. पाव किंवा बिस्किटांसाठी सांगितलेल्या द्रवातले २-३ चमचे हातचे राखा आणि गरज पडली तरच घाला. पिठीसाखर आधी दळून ठेवू नका, तिचे गोळे होतात.

आणि नानकटाईचा गोळासुद्धा वजन करून वळा, १५ ग्रॅमचा, म्हणजे सगळ्या एकाच वेळी भाजून निघतात. १६० अंशांवर १८ ते २० मिनिटं. वरच्या मापात २४ होतात आणि भांड्याला थोडं चिकटून राहतं. आत्याच्या हातून २२ होतात. तिच्या दोन मोठ्या असतात, आणि त्या कोणाला द्यायच्या हे तिचं आधीच ठरलेलं असतं.